लेथवरचा शेवटचा काप

लहान लेथवर पोलादाची एखादी पिन तयार होते. तिचा व्यास मापात उतरतो, खांदे सरळ होतात. मूळ कांबीपासून ती कापून वेगळी करणे एवढेच काय ते उरते. नेमके याच वेळी पार्टिंग टूल थरथरते, खाचेत अडकते, प्रसंगी मोडते, आणि पूर्ण होत आलेले काम वाया जाते. कारागीर दोष देतो तो पात्याला. परंतु पुष्कळदा तो पाते धरणाऱ्या होल्डरचा असतो.

पाते जेमतेम 2 मिलिमीटर रुंदीचे. पुढच्या टूलपोस्टवर कापाचा दाब त्याला खाली रेटतो. जोडणीत थोडीही ढिलाई असली की धार धातूत अधिकच घुसते. म्हणून होल्डर निवडताना प्रथम त्याचा भक्कमपणा पाहावा. क्रॉस स्लाइडच्या मागील भागात टी-खाचा असतील, तर तेथे पाते उलटे धरणारा होल्डर बसविणे श्रेयस्कर. तेथे दाब वरच्या दिशेने येतो. ताण वाढल्यास पाते कामापासून दूर सरू पाहते आणि कीसही खाली गळून पडतो.

बसविताना धार बरोबर सेंटरच्या उंचीवर आणि पाते आसाशी काटकोनात असावे. 20 मिलिमीटर व्यासाच्या कांबीसाठी ते 12 मिलिमीटरच बाहेर काढावे. काप चकाजवळ घ्यावा, कॅरेज आवळून ठेवावे, वेग कमी करावा आणि तेल सोडीत राहावे. एवढी दक्षता घेतली, म्हणजे शेवटच्या कापाची धास्ती उरत नाही.