एक फळा, अनेक खडू

आपल्या खिशातील फोनमध्ये आज बहुधा सहा किंवा आठ गणक एकाच वेळी काम करीत असतात. त्यांना प्रोसेसर म्हणतात. या सर्वांना मिळून आकडे लिहून ठेवण्याची जागा, म्हणजे स्मृती, मात्र एकच असते. एकाने लिहिलेले दुसऱ्याला केव्हा आणि कोणत्या क्रमाने दिसते, हा प्रश्न श्रोत्यांस प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. लिहिले की दिसले, असे कोणीही म्हणेल. परंतु तसे ते नाही; आणि हे ध्यानात न घेता लिहिलेला प्रोग्रॅम वर्षानुवर्षे बिनबोभाट चालून एखाद्या दिवशी अचानक चुकीचे उत्तर देऊ शकतो.

मी शिक्षक असल्यामुळे उदाहरण शाळेचेच घेतो. समजा, प्रयोगशाळा एक आहे आणि ती हवी असणारे शिक्षक दोन, एक रसायनाचे व दुसरे भौतिकीचे. अंगणात एक फळा आहे. नियम असा की, प्रथम फळ्यावर आपली खूण करावी, मग दुसऱ्याची खूण आहे काय ते पाहावे आणि नसेल तरच वर्ग घेऊन आत जावे. हा क्रम दोघांनीही पाळला, तर दोघे एकदम आत शिरणे अशक्य. कारण ज्याची खूण मागाहून झाली त्याला पहिल्याची खूण दिसलीच पाहिजे. डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली ज्या युक्तीचे श्रेय डेकर या डच गणितज्ञास दिले, तिचे मर्म हेच आहे.

आता यात थोडी सोय करू. फळा खिडकीतून दिसतो, पण लिहावयास जिना उतरावा लागतो. म्हणून प्रत्येकाच्या मेजावर एक तबक ठेवले. खुणेची चिठ्ठी तबकात टाकावी. शिपाई सवडीने ती फळ्यावर उतरवील. रसायनाच्या मास्तरांनी चिठ्ठी टाकली, खिडकीतून पाहिले, फळा कोरा. भौतिकीच्या मास्तरांनीही तेच केले, त्यांनाही फळा कोरा. दोघेही आत! नियम कोणीच मोडला नाही. गंमत अशी की, प्रत्येक जण स्वतःच्या तबकातील चिठ्ठ्या जाणतो, त्यामुळे एकटाच शिक्षक असता तर हा घोटाळा कधी उमगलाही नसता.

प्रोसेसरमध्ये असे तबक खरोखरच असते. मुख्य स्मृतीपर्यंत एक खेप घालण्याच्या वेळात प्रोसेसरच्या शेकडो आज्ञा पार पडू शकतात. त्याने प्रत्येक वेळी वाट पाहात बसावे हे परवडणारे नाही. म्हणून तबक ठेवणाऱ्या अभियंत्यांस मी दोष देणार नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ साली अवघ्या दोन पानांच्या लेखात आदर्श सांगून ठेवला होता: सर्व प्रोसेसरांची कामे जणू एकाच रांगेत, आणि प्रत्येकाची त्याच्या स्वतःच्या क्रमाने झाली, असाच परिणाम दिसला पाहिजे. वेगाच्या मोहाने हा आदर्श मागे पडला. त्याऐवजी यंत्रांत एक खास आज्ञा आली, तिला 'कुंपण' म्हणू. तबक रिकामे झाल्याखेरीज खिडकीकडे वळू नये, एवढाच तिचा अर्थ. पण ते कुंपण घालावयाचे कोठे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ओळखावयाचे.

माझी तक्रार आहे ती निराळीच. तबक ठेवले, तर त्याचे नियम स्पष्ट लिहून द्यावयास नकोत काय? १९९९ साली लिनक्सच्या कर्त्यांत एक वाद झाला. कुलूप उघडण्यासाठी इंटेलच्या यंत्रावर सुमारे २२ चक्रे घेणारी जड आज्ञा हवी, की एका चक्राची साधी नोंद पुरे? स्वतः लिनस टॉरवाल्ड्स प्रथम साध्या नोंदीच्या विरुद्ध होते. अखेर इंटेलमधील एका अभियंत्याने खुलासा केला तेव्हा वाद मिटला आणि साधी नोंद पुरेशी ठरली. एवढे जाणते लोक, आणि त्यांना छापील ग्रंथातून उत्तर मिळू नये! २००७ साली इंटेलने नियमांचे निवेदन प्रसिद्ध केले. त्यात न बसणारे वर्तनही पुढे प्रत्यक्ष यंत्रांत दिसून आले. मग केंब्रिज येथील पीटर स्यूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९-१० च्या सुमारास ते नियम गणिताच्या भाषेत बांधले. तबक आहे, पण चिठ्ठ्या टाकल्या त्याच क्रमाने फळ्यावर जातात, हे त्यांचे सार.

फोनमध्ये बहुधा असणारे आर्म जातीचे प्रोसेसर एवढेही वचन देत नाहीत. तेथे शिपाई मागची चिठ्ठी आधी नेऊ शकतो. निकाल लिहून मग 'निकाल लागला' अशी सूचना लिहिली, तरी दुसऱ्याला सूचना आधी दिसेल आणि निकालाच्या जागी कोरा फळा. इंटेलवर निर्वेध चाललेला प्रोग्रॅम आर्मवर का बिघडतो, याचे हे एक कारण. ॲपलने २०२० साली आपले संगणक आर्मवर नेले, तेव्हा इंटेलसाठी तयार झालेले प्रोग्रॅम चालावेत म्हणून आपल्या प्रोसेसरमध्ये इंटेलसारखा क्रम पाळण्याची खास सोय मुद्दाम ठेवली.

प्रोग्रॅमच्या भाषांनाही आपापले करार लिहावे लागले. जावाचा पहिला करार सदोष ठरून २००४ साली नवा झाला. सी-प्लस-प्लसला तो २०११ साली मिळाला. त्यातही एक गाठ सुटलेली नाही. दोन शिक्षक एकमेकांच्या वहीतून आकडा उतरवून घेतात आणि दोघांच्याही वहीत ४२ उमटतो, जो मुळात कोणीच लिहिला नव्हता. नियमांच्या काटेकोर वाचनाने हे शक्य ठरते. प्रत्यक्ष यंत्रात असे घडत नाही. सी-प्लस-प्लसचा करार याविषयी एवढेच म्हणतो की, असे होऊ देऊ नये. ते कोणत्या नियमाने थांबवावे, याचा सर्वमान्य गणिती मसुदा अद्याप त्या करारात आलेला नाही.