शेरा कोणाचा, तेही लिहा

खानदेशातल्या पारोळ्याच्या बाजारात सहज कानी पडणाऱ्या अहिराणीला ‘अशुद्ध मराठी’ म्हणण्याची सवय अनेकांना आहे. लिहिताना हा शेरा माहिती म्हणून मांडला जातो. खरे तर तो शेरा मारणाऱ्याचा पूर्वग्रह असतो. अशुद्ध म्हणजे नियम मोडणारे. अहिराणीत तर ‘करस’, ‘जास’, ‘खास’ अशी वर्तमानकाळाची रूपे नियमानेच होतात. भाषा-अभ्यासक ग्रिअर्सन यांच्या भारतातील भाषा सर्वेक्षणाने 1907च्या खंडात, अहिराणी जिच्यात मोडते त्या खानदेशीचे स्वतंत्र वर्णन केले. 2011च्या जनगणनेत 18 लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा खानदेशी गटात नोंदली गेली.

यावर कोणी म्हणेल, शाळा-कचेरीला एक प्रमाणभाषा हवीच. हवीच, पण ती सोय आहे, श्रेष्ठत्वाचा दाखला नव्हे. दुसरा आक्षेप असा, की लोक तसे म्हणतात, मग ते लिहायचेच नाही का? जरूर लिहावे, पण मत कोणाचे ते सांगून. ‘अहिराणी अशुद्ध आहे’ असे न लिहिता ‘अहिराणीला काही जण अशुद्ध मानतात’ असे लिहावे. पहिल्या वाक्यात लेखक निकाल देतो, दुसऱ्यात तो मताची नोंद करतो. बातमी असो वा निबंध, लिहिताना एवढी काळजी अवश्य घ्या.