शेवटी जेवायची सवय

(बेंबळी येथे बचत गटांच्या बायांसमोर केलेले भाषण)



मला विषय दिलाय ‘निरोगी राहण्यासाठी लहान लहान सवयी’. अशा विषयावर बोलायला आलेली बाई बहुधा सांगते, पहाटे उठा, चाला, आसनं करा. तुम्ही पहाटे उठताच. दिवसभर खुरपं घेऊन वाकलेल्या बाईला आणखी कसली आसनं शिकवायची? म्हणून मी आपल्याला आधीच जडलेल्या एका सवयीबद्दल बोलणार आहे. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, ही ती सवय.

ही लहानच आहे, आणि एक दिवस चुकत नाही. शेवटी बसणारीच्या ताटात भाकरी असते, चटणी असते, कालवणाचा तळ असतो. डाळ, भाजी, अंडं आधीच संपलेलं. त्यात दर महिन्याची पाळी, बाळंतपणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बायांना रक्तक्षय निघाला. २०१५-१६ च्या पाहणीत हाच आकडा ४८ होता. दम लागतो, पाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि घरात म्हणतात, हिला कामाचा कंटाळा!

काय खायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. हरभऱ्याचा पाला, हुलगे, बाजरी, तीळ. त्यावर लिंबू पिळा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. चहा नेमका उलटं करतो. जेवणाला लागून चहा नको, तासभर तरी मध्ये जाऊ द्या. माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई खाली काढा. गरोदरपणी लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस, बाळंतपणानंतरही तितकीच. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून गोळ्या टाकू नका, ते लोहामुळेच होतं. मळमळत असेल तर जेवण झाल्यावर घ्या.

पण हे सांगून भागत असतं तर आकडा वाढला नसता. रान सगळं सोयाबीनचं, भाजी विकत आणायची, आणि पैसा धन्याच्या खिशात. अशा घरात बाईने ‘सवय’ लावायची म्हणजे कशी?

आपल्याच जिल्ह्यात आणि लातूरकडे याचं एक उत्तर बायांनी काढलं. १९९३ च्या भूकंपानंतर गावोगाव उभ्या राहिलेल्या बायांच्या गटांसोबत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था काम करत आली. दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी घरच्या रानातला अर्धा-एक एकर मागून घेतला. त्यात काय पेरायचं ते बाई ठरवणार. कडधान्य, ज्वारी-बाजरी, पालेभाज्या, थोड्या पाण्यावर, घरच्या खतावर. आधी घरात खायचं, उरलं तर बाजारात. २०१७ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला त्यातलं ते मागून घेणं मोठं वाटतं. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईने ‘एवढा तुकडा माझ्या मताने’ म्हणायचं, ही काय लहान गोष्ट आहे?

आणि भूमच्या पलीकडे, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा गावच्या आरोग्य सेविका म्हणून बायाच निवडल्या. कितीतरी जणींना अक्षर येत नव्हतं. त्या परत परत येऊन शिकायच्या आणि गावात घरोघर तेच सांगत फिरायच्या: हात धुवा, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी द्या, पोरांचं वजन करा. एकदा सांगून कोण ऐकतं? शेजारची बाई पुन्हा पुन्हा दारात येते, तेव्हा हलतं.

तर आपल्या गटांपुरतं एवढं करू. हप्ता भरायला जमतोच, त्या वहीत एक रकाना वाढवा. घरच्यांबरोबर किती दिवस जेवले, एवढंच लिहायचं. जिला जमत नसेल तिच्या घरी दोघीतिघींनी जायचं, तेही जेवायच्या वेळेला. आणि पुढच्या महिन्यात रक्त तपासायला याल तेव्हा सासूला बरोबर आणा. तिचंही रक्त तपासायचं आहे.