रेशमी पतंगाची मुदत

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ज्याच्यावर संशोधन चालते, तो रेशीमकीटक सुमारे 25 दिवस तुतीचा पाला अहोरात्र खाऊन, चार वेळा कात टाकून, चंद्रिका नावाच्या विणाईच्या चौकटीवर कोष विणतो, तेव्हाच त्याने पुढील सर्व आयुष्याचा शिधा देहात जमा केलेला असतो. कारण लाळेने कोष भिजवून बाहेर पडणाऱ्या पांढुरक्या पतंगाला पंख असूनही उडता येत नाही, आणि मुखावयव खुंटलेले असल्याने तो अन्नाचा कणही घेत नाही. आठवडाभराच्या मुदतीत मीलन उरकायचे, मादीने तीन-चारशे अंडी घालायची, की कारभार आटोपला! हिशेब निष्ठुर खरा. पण बाजारात विकलेल्या कोषातील जिवाला तेवढीही मुदत नाही, धागा अखंड उलगडावा म्हणून त्याला उष्णता देऊन आतच मारतात.