मोबाईलला आपला ठावठिकाणा किती सांगायचा?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



टेलिफोन खात्यात नोकरी झाली म्हणून कमिटीने हा विषय माझ्याकडे दिला. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा फोन हॉलच्या कोपऱ्यात असायचा. माणूस बाहेर पडला की कुठे गेला, हे तो सांगेल तेवढंच कळायचं. आता तसं राहिलेलं नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. पुष्कळांना वाटतं, वरून उपग्रह आपल्यावर नजर ठेवतो. नाही हो! जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून वेळ आणि स्वतःची जागा तेवढी सांगत असतात, रेडिओ केंद्रासारखी. आपला फोन निदान चार उपग्रहांचं ऐकतो आणि गणित करून स्वतःची जागा काढतो. उपग्रहाला आपला पत्ताच नसतो. जागा कळल्यावर ती बाहेर पाठवतात ती फोनमधली ॲप्स, आणि त्यांना परवानगी आपण दिलेली असते, बहुतेक वेळा न वाचता.

मोबाईल कंपनीचं मात्र वेगळं आहे. तुम्ही कोणत्या टॉवरच्या हद्दीत आहात हे तिला माहीत असावंच लागतं, नाहीतर घंटी वाजवायची कुठे? ‘लोकेशन’ बंद केल्याने ते थांबत नाही. शिवाय वाय-फाय आहेच. फोन उघडला की शेजाऱ्यांच्या वाय-फायची नावं दिसतात ना? कोणतं वाय-फाय कुठे सापडतं याची नोंद मोठ्या कंपन्यांनी करून ठेवली आहे. म्हणून घरात, मॉलमध्ये, उपग्रहाचा संदेश नीट पोचत नाही तिथेही फोनला जागा कळते.

आता तुम्ही म्हणाल, कळली तर कळली, आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे? हा प्रश्न मला नेहमी विचारतात. समजा, कोणाच्या तरी हाती तुमच्या फोनच्या महिन्याभराच्या नोंदी आल्या. नाव नाही, नंबर नाही, नुसत्या जागा आणि वेळा. रात्री फोन जिथे पडून असतो ते घर. दिवसा असतो ते ऑफिस. एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. मग दर मंगळवारी अकरा वाजता कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वकिलाकडे, संध्याकाळी कोणाच्या घरी, आणि घर आठ दिवस रिकामं कधी, हेही आलंच. आपण सख्ख्या भावालाही आजार पुढे जाऊन सांगत नाही. मुलीच्या स्थळाची बोलणी चालू असतात तेव्हा कुठे जाऊन आलो हे शेजारी सांगत नाही. यात लबाडी काही नाही. कोणाला काय, कधी सांगायचं हे आपण ठरवतो, एवढंच.

आणि ‘बंद केलं’ म्हणजे बंद झालं असंही नसतं. गूगलमध्ये ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केली तरी दुसऱ्या एका सेटिंगमधून जागेची नोंद होत राहते, हे २०१८ साली असोसिएटेड प्रेसच्या बातमीदारांनी उघड केलं. अमेरिकेतल्या ४० राज्यांनी चौकशी केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन कंपनीने तडजोड केली. त्या दुसऱ्या सेटिंगचं नाव ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’. घरी गेल्यावर आपल्या खात्यात तेही बघा.

बाकी करायचं फार नाही. सेटिंगमध्ये लोकेशन, त्यात ॲप्सची परवानगी. टॅक्सीला दारापर्यंतचा पत्ता लागतो, तोही ‘ॲप वापरत असतानाच’. हवामानाच्या ॲपला शहर कळलं तरी पुरतं, तिथे ‘अचूक’ जागा बंद करा. टॉर्चला आणि कॅल्क्युलेटरला तुम्ही कुठे आहात याच्याशी काय करायचंय?

घरातला प्रश्न जास्त नाजूक आहे. मुलगी क्लासवरून उशिरा येते, काळजी वाटते, बरोबर आहे. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास देता येतं, नंतर ते आपोआप थांबतं. तिला सांगून, तिच्या हाताने सुरू करून घ्या. गुपचूप तिच्या फोनमध्ये काही टाकून ठेवणं मला पटत नाही. एकदा तिला कळलं की ती फोन मैत्रिणीकडे ठेवून जाईल, मग तुम्ही काय बघत बसणार?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. ज्येष्ठांसाठी मुद्दाम सांगतो, ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी तेव्हा ९१ वर्षांचे होते! पुढे जुलै २०२४ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका आरोपीच्या जामिनाचा प्रश्न आला. त्याने गूगल मॅपवर आपली जागा तपास अधिकाऱ्याला सतत दिसेल अशी ठेवावी, अशी अट होती. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी ती रद्द केली. पोलिसांना जामिनावरच्या माणसाच्या खासगी आयुष्यात असं सतत डोकावता येणार नाही, असं त्यांनी म्हटलं.

हे सांगायचं कारण आपल्या गेटजवळच आहे. वॉचमनच्या मोबाईलमध्ये ट्रॅकिंग ॲप टाकावं, असा प्रस्ताव वार्षिक सभेत यायचा आहे. रात्रीच्या फेऱ्या होत नाहीत ही तक्रार खरी आहे, सायकली गेल्या त्यांचा राग मी समजू शकतो. पण फोन त्यांचा स्वतःचा आहे, ड्युटी संपल्यावर तो त्यांच्या घरी जातो. आपल्याला फेरी झाली की नाही एवढंच हवंय ना? मग प्रत्येक विंगच्या गच्चीवर, पंप रूमपाशी, मागच्या गेटला एकेक क्यूआर कोड लावा आणि केबिनमध्ये सोसायटीचा एक साधा फोन ठेवा. त्याने स्कॅन करत जायचं, वेळ नोंदली जाईल. तसंच गेटच्या ॲपमध्ये कामाच्या मावशी आणखी कोणाकडे जातात, हे सगळ्या फ्लॅटना दिसतं. आपल्याकडे त्या आल्या की आपल्याला कळावं, इतरांकडचं कशाला? ती सोय बंद करावी, असं पत्र मी सेक्रेटरींना दिलं आहे. ज्यांना पटेल त्यांनी सभेत हात वर करावा.

भाषणानंतर एका वहिनींनी विचारलं, “मुलगा परदेशात असतो, माझं लोकेशन कायम चालू ठेव म्हणतो. बंद करू का?” मी म्हटलं, तुम्हाला आधार वाटत असेल तर राहू द्या, पण त्याचंही तुम्हाला दिसू दे म्हणावं. सगळे हसले, पण मी गंमत म्हणून बोललो नव्हतो.

ज्यांना सेटिंग जमत नाही त्यांच्यासाठी बी विंगमधली कॉलेजची मुलं पुढचे चार रविवार सकाळी दहा ते बारा सोसायटी ऑफिसात बसणार आहेत. फोन चार्ज करून आणा. पासवर्ड मात्र त्यांना सांगू नका, आपला आपण टाका.