शेजारधर्माला देव लागत नाही

गावोगावच्या बैठकांत एक प्रश्न हमखास येतो: "तुम्ही देवधर्म मानत नाही, मग हे काम कशाच्या बळावर करता?" पापाची भीती नसेल तर माणूस चांगला वागेल कशाला, ही शंका त्यामागे असते. तिला उत्तर द्यायलाच हवे.

आपल्याच इतिहासात पाहू. पंडिता रमाबाईंची येशूवर गाढ श्रद्धा होती. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणून त्यांनी केडगावला आसरा दिला. त्याच सुमारास, मार्च १८९७मध्ये, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. त्या सत्यशोधक, तिथे निर्मिकाला जागा होती, पुरोहिताला नव्हती. र. धों. कर्वे तर उघड नास्तिक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी प्राध्यापकी गेली, 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचे खटले झाले, तरी १९२७पासून मरेपर्यंत ते मासिक त्यांनी चालवले. बाळंतपणांनी खंगलेली बाई त्यांना दिसत होती.

तिघांच्या श्रद्धा तीन तऱ्हेच्या, पण तिघांनीही बाईचे दुःख आपले मानले. श्रद्धेतून बळ मिळते हे रमाबाईंकडे पाहून मान्य करावेच लागते. पण तिच्यावाचून अडत नाही, हे कर्वे दाखवतात. आणि सावित्रीबाईंवर शेण फेकणारेही धर्माचेच नाव घेत होते, हे विसरून कसे चालेल?

मराठीत 'शेजारधर्म' असा सुंदर शब्द आहे. त्याला ना देव, ना पोथी. पण शेजारी बाईला मार बसतो तेव्हा हाच धर्म "घरातली भांडणं" म्हणून दार लावून घेतो. दार लावणाऱ्यांत देव्हाऱ्यापुढे बसणारे असतात, तसे स्वतःला पुरोगामी म्हणवणारेही असतात. म्हणून नुसत्या नास्तिकपणाचाही आपण तोरा मिरवू नये.

आपल्या केंद्रात येणारी बाई मंगळसूत्र घालते की नमाज पढते, यावरून तिची पारख करायची नाही. तिला श्रद्धा सोडायला सांगायचे नाही. मात्र "नवऱ्याचं सोस, पुण्य लागेल" असे कोणी धर्माच्या नावाने सांगू लागले, तर तिथे ठाम उभे राहायचे. दवाखाना, पोलीस चौकी, कोर्ट, रात्रीचा निवारा यांत तिच्यासोबत जायचे. त्यासाठी लागते ते तिचे म्हणणे खरे मानणे आणि दुसऱ्या दिवशीही सोबत असणे. हे आस्तिक मैत्रिणीला जमते, नास्तिक मैत्रिणीलाही. आपापल्या गटात यावर जरूर बोला.