किल्ली कोणाच्या खिशात?



आभाराचे सगळे शब्द स्वागताध्यक्षांनी वापरून टाकले आहेत, तेव्हा मी सरळ भांडणालाच हात घालतो. सकाळपासून या मांडवात एकच रडगाणे चालले आहे: तरुण मुले चर्चच्या मंडळीत येत नाहीत. मोबाइलने बिघडवले, क्लासने पळवले, गिटारवाल्या नव्या प्रार्थनासभांनी ओढून नेले. पंचकमिटीचेही काही चुकले असेल, असे एकाही वक्त्याच्या तोंडून आले नाही. पंच पहिल्याच रांगेत बसले आहेत, म्हणून असेल.

नाताळात कॅरोलच्या फेरीला, सणाच्या जेवणात वाढायला, खुर्च्या लावायला आणि उचलायला हेच तरुण लागतात. त्यांनी शनिवारी संध्याकाळी बसायला हॉलची किल्ली मागितली, की पाळकसाहेब सेक्रेटरींकडे बोट दाखवतात आणि सेक्रेटरी नेमके गावाला गेलेले असतात. युवक रविवारी तारुण्याला तुच्छ मानू नये, हे तीमथ्याच्या पत्रातले वचन फलकावर झळकते. सोमवारी फलक कपाटात जातो. त्या कपाटाची किल्लीही सेक्रेटरींकडेच!

नगरमध्ये हे बोलावे लागावे, याची मला चीड येते. अमेरिकन मराठी मिशन इथे 1831 साली आले, ते काँग्रिगेशनल परंपरेचे. त्याच परंपरेतल्या फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पाळकाने 1881 साली अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये ख्रिश्चन एंडेव्हर ही तरुणांची संघटना सुरू केली. त्यांनी तरुणांपुढे नुसते उपदेश केले नाहीत, कामे त्यांच्या हाती सोपवली. सभा चालवणारी समिती तरुणांची, आणि नव्या मुलांना शोधून आणून सामावून घेणारी वेगळी समिती, तीही तरुणांचीच. आपल्या किती मंडळ्यांत तरुण संघाला अशी एक तरी समिती आहे? हात वर करा. बघा, मांडव कसा गार पडला.

आता स्वागताविषयी. नेवाशाकडची एखादी मुलगी नर्सिंग शिकायला पुण्याला जाते. रविवारी शहरातल्या जुन्या, प्रतिष्ठित मंडळीत मागच्या बाकावर बसते. उपासना संपल्यावर तिला पहिला प्रश्न येतो तो आडनावाचा. दुसरा गावाचा. तिसरा कोणी तोंडाने विचारत नाही, तो डोळ्यांनी विचारला जातो: मूळच्या कोणत्या जातीतली? सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा देणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्रात झोडपले आहे. तो अध्याय आपण वाचतो आणि लग्न जमवताना बासनात बांधतो. पुढच्या रविवारी ती मुलगी गिटारवाल्यांकडे जाते. तिथे तिला नाव विचारतात, चहा देतात, बुधवारी फोन करतात. त्यांच्या शिकवणुकीवर खुशाल टीका करा, मीही करतो. त्या फोनवर मात्र आपल्याला बोट ठेवता येणार नाही.

कोणी म्हणेल, दार उघडे टाकले तर कोणीही येऊन बसेल. बसू द्या! ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार टिकला नाही, हे मान्य. पण शंभर वर्षांपूर्वी त्यांना जे सुचले, ते आपल्याला झेपत नाही? मित्राबरोबर आलेल्या हिंदू किंवा मुसलमान मुलाच्या पुढे फॉर्म सरकवू नका, त्याला गळही घालू नका. चहा द्या, कॅरमवर जागा द्या, गाता येत असेल तर गाऊ द्या. गिटारचा इतका विटाळ असेल, तर एवढे आठवा: टिळकांचे अभंग-ओव्याही विलायती चालींना सरावलेल्या मंडळीत एके काळी नवेच होते. आज त्यांनाच कवटाळून तुम्ही नव्याला हाकलता.

ठरावांच्या यादीत सातवा ठराव तरुणांच्या अनास्थेबद्दल ‘तीव्र चिंता’ व्यक्त करतो. अध्यक्ष म्हणून मी तो मांडू देणार नाही. त्याच्या जागी माझा घ्या: प्रत्येक पंचकमिटीत पंचविशीच्या आतले दोन सभासद, मताच्या अधिकारासह, त्यांतली निदान एक मुलगी. दानार्पणातला ठरलेला वाटा तरुण संघाच्या हाती, हिशेब त्यांनीच वार्षिक सभेत मांडायचा. हॉलची दुसरी किल्ली आजच करून त्यांच्याकडे द्यायची. सूचक मी. अनुमोदन मात्र मागच्या तरुणांकडून घेणार नाही, पहिल्या रांगेतून हवे. सेक्रेटरीसाहेब, उठता का?